कमरेचा दोर: टाकीत, विहिरीत माणसं एकामागोमाग का जातात?

२०२४ सालचा गुढीपाडवा ९ एप्रिलला, मंगळवारी आला होता. त्या दिवशी विरारमध्ये एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सफाईला उतरलेले चार कामगार मेले. त्याच संध्याकाळी नगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात, वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. ती विहीर पाण्याची राहिली नव्हती, शेणाच्या स्लरीसाठी वापरात होती. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. असे सहा जण उतरले, त्यातले पाच गेले. सहावा वाचला. त्यानं उतरताना कमरेला दोर बांधला होता, त्यामुळे त्याला ओढून बाहेर काढता आलं.

अकरा महिन्यांनी, ९ मार्च २०२५ ला, मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार मजूर मेले. तिथे शेण नव्हतं, मैलाही नव्हता. टाकी साध्या पाण्याची होती.

अशा बातम्यांत शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: "विषारी वायूमुळे गुदमरून मृत्यू झाल्याचा प्राथमिक अंदाज आहे." ते वाचून आपण पान उलटतो. वायू कुठून आला, पहिल्याचं झालेलं डोळ्यांनी पाहूनही दुसरा का उतरला, आणि पुढच्या उन्हाळ्यात हीच बातमी गावाचं नाव बदलून पुन्हा का येते, हे त्या वाक्यात कुठेच नसतं. मी काही सेफ्टी ऑफिसर नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे, आणि वर्षातून दोनदा टाकी साफ करून घेण्याचं काम माझ्या गळ्यात आहे. त्या निमित्तानं जे वाचलं, विचारलं आणि एकदा चांगलंच घाबरून शिकलो, ते लिहितो आहे.

## बंदिस्त जागा म्हणजे नेमकं काय

कारखान्यांत याला "कन्फाइन्ड स्पेस" म्हणतात. आपण बंदिस्त जागा म्हणू. माणूस आत जाऊ शकतो, पण जायची-यायची वाट अरुंद आहे, रोज वावरायला ती जागा केलेली नाही आणि आतली हवा आपोआप बदलत नाही, अशी कुठलीही जागा. ड्रेनेजचं चेंबर, सेप्टिक टँक, गोबरगॅसचा खड्डा, पाण्याची टाकी, साखर कारखान्यातली मळीची टाकी, धान्याची कोठी, मासेमारी बोटीच्या पोटातला मासळीचा कप्पा, हे सगळे एकाच कुळातले. वरून उघडी असलेली खोल विहीरही यात येते. वर आभाळ दिसतं म्हणून खाली वारा पोचतो असं नाही.

घरातली खोली आणि अशी टाकी यांत फरक काय, तर खोलीची हवा दारं, खिडक्या, फटी यांतून सारखी बदलत राहते. टाकी म्हणजे झाकण लावलेला डबा. त्यात जे सडतं, गंजतं, कुजतं, ते आतलाच ऑक्सिजन खातं आणि आतच वायू सोडतं. लोखंड गंजतं तेसुद्धा हवेतला ऑक्सिजन घेऊनच. नव्या टाकीत सेंट्रिंगच्या ओल्या फळ्या महिनोन् महिने बंद राहिल्या तर त्याही हळूहळू ऑक्सिजन संपवतात. म्हणून "नवी कोरी टाकी आहे, आत काय असणार?" हा प्रश्नच घातक आहे. आत काहीतरी वाईट असायलाच हवं असं नाही. जे हवं ते नसलं तरी माणूस जातो.

## गुदमरल्यासारखं वाटलं तर वर येऊ की!

हा सगळ्यांचा पहिला विचार असतो, माझाही होता. पण शरीर तसं चालत नाही.

पाण्याखाली श्वास रोखून धरला की छातीत जी तगमग होते, ती ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, त्याची ती घंटा असते. ऑक्सिजन नसलेल्या हवेतही आपण श्वास सोडतच असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच असतो, त्यामुळे घंटा वाजतच नाही. थोडं हलकं वाटतं, पाय लुळे पडतात आणि माणूस खाली बसतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, दमला असेल.

नेहमीच्या हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की ती जागा उतरण्याजोगी नाही, असं सुरक्षेचे नियम मानतात. तो चार-पाच टक्क्यांवर आला तर उलटाच प्रकार होतो. फुप्फुसात रक्त येतं ते ऑक्सिजन घ्यायला, पण आतल्या हवेतच रक्तापेक्षा कमी ऑक्सिजन असेल तर रक्तातला उरलासुरला ऑक्सिजनही बाहेर ओढला जातो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर माणूस रिकामा होत जातो. शुद्ध हरपायला काही सेकंद पुरतात, आणि तेवढ्यात शिडीच्या तीन पायऱ्याही चढून होत नाहीत.

## वास येतो ना, मग कळेलच

सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. मैला, शेण, सडलेली मासळी, मळीचं सांडपाणी यांतून तो निघतो. आपलं नाक या वासाला फार तीक्ष्ण आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भागही नसला तरी कळतो. पण तो १०० भागांच्या आसपास पोचला की काही मिनिटांत नाकाची नसच बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं, गेला वाटतं वायू. खरं तर तो वाढलेला असतो. हजार भागांच्या जवळ गेला की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. आणि हजार भाग म्हणजे हवेचा एक दशांश टक्का फक्त.

बाकीच्यांचा तर वासही नाही. गोबरगॅसमध्ये निम्म्याहून थोडा जास्त मिथेन असतो, आणि हवेत तो ५ ते १५ टक्के असला की ठिणगीवर भडकतो. त्याच्या सोबतचा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, तो तळाला बसून राहतो. विहिरीत खालच्या टप्प्यावर ठेवलेलं डिझेल इंजिन चालवलं की कार्बन मोनॉक्साइड जमतो, त्याला ना रंग ना वास.

आणखी एक खोच आहे. वरून हवा तपासायचा मीटर लावला, हवा चांगली निघाली, माणूस उतरला आणि तरीही मेला, असंही होतं. सोड्याची बाटली शांत उभी असते तोवर काही दिसत नाही, हलवली की फसफसते. टाकीच्या तळाच्या गाळाचंही तसंच आहे. वर कवच धरलेलं असतं, फावडं मारलं की खाली कोंडलेला वायू एकदम सुटतो. म्हणून हवा वर, मध्ये आणि तळाला अशी तीन ठिकाणी तपासायची असते, आणि माणूस आत असेपर्यंत मीटर त्याच्या अंगावर चालू ठेवायचा असतो.

## आमचे आजोबा कंदील सोडायचे

हो, सोडायचे. जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरानं खाली सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. आधी तपासायचं आणि मग उतरायचं, एवढी समज त्या पिढीला होती, त्याबद्दल मला आदरच आहे. आज आपण तेवढंही करत नाही.

पण कंदिलाचं ज्ञान तोकडं आहे. ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्क्यांवर येईपर्यंत ज्योत तगते, आणि विषारी वायू किती आहे हे तिला कळतच नाही. मिथेन असेल तर कंदीलच काडी ठरतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी न्यायचे, पक्षी कोसळला की माणसं मागे फिरायची. १९८६ पासून तिथे पक्ष्यांची जागा हातातल्या यंत्रांनी घ्यायला सुरुवात केली. तसं यंत्र आज आपल्याकडेही मिळतं. मुठीत मावणारा चार वायूंचा मीटर असतो: ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेट घेणारे वायू, चारही एकदम दाखवतो.

आणि हो, तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कोरोनाचा मास्क धूळ अडवतो, वायू नाही. वायू गाळणारा डबीचा मास्क असला तरी हवेत नसलेला ऑक्सिजन तो कुठून आणणार? तिथे बाहेरून नळीनं हवा लागते, नाहीतर पाठीवर श्वसनाचं सिलिंडर. वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन टाकीत सोडण्याचा जुगाड तर कोणीच करू नये. ऑक्सिजन वाढला की कपडेसुद्धा भडाभडा पेटतात.

## दुसरा का उतरतो?

कारण तो माणूस आहे. खाली भाऊ पडलाय, हाक मारली तर ओ देत नाही, आणि वरून तो फक्त झोपल्यासारखा दिसतो. त्या क्षणी विचार करायला कोणाकडे वेळ असतो?

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या 'नायॉश' या सरकारी संस्थेनं १९८६ मध्ये एक पुस्तिका काढली. अशा जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक दुसऱ्याला वाचवायला उतरलेले असतात, असं तिच्यात लिहिलं आहे. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. नुसतं वाचवायला उतरणं थांबलं तरी निम्म्याहून जास्त जीव वाचतील! पण "उतरू नका" असं सांगून ते थांबत नाही. वरून ओढून काढण्याची सोय असेल तरच थांबतं. आणि ती सोय पहिला माणूस उतरण्याआधीच करावी लागते, कारण तो पडल्यावर दोर बांधायला कोण जाणार?

आता यातली बोचणारी गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये हेच लिहिलेलं होतं. आतला वायू काढून टाकला असून आत जायला हरकत नाही, असं जाणकार माणसानं लेखी द्यावं. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनाचं साधन हवं आणि पट्ट्याला पक्का बांधलेला दोर हवा, आणि दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं. वाकडीत जो वाचला, तो जवळजवळ याच कलमाप्रमाणे उतरला होता. त्यानं कायदा वाचला असेल असं मला वाटत नाही.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. नुसत्या कमरेला बांधलेल्या दोरानं बेशुद्ध माणूस ओढला की तो मधून दुमडतो आणि दोन फुटांच्या झाकणातून निघता निघत नाही. कारखान्यांत म्हणूनच खांद्या-मांड्यांतून जाणारा हार्नेस घालतात. त्याची कडी पाठीवर असते, त्यामुळे माणूस उभाच्या उभा वर येतो. वर तिपाई आणि हातानं फिरवायची चरखी असते. वर थांबणाऱ्याला तिथे "होल वॉचर" म्हणतात. त्याचं काम एकच, भोकाकडे बघत राहणं. मोबाइल नाही, चहा आणायला जाणं नाही, आणि काहीही झालं तरी आत उतरणं नाही.

## आमच्या टाकीची गोष्ट

आता सोसायटीचं सांगतो. खालची टाकी, अंदाजे आठ फूट खोल. ठेकेदाराची दोन पोरं आली. बादली, तारेचे ब्रश, ब्लीचिंग पावडरची पिशवी, आणि भिंतीवरचे क्षार काढायला ॲसिडची बाटली. पंपानं पाणी उपसलं आणि एक जण उतरला. अर्ध्या तासानं वर आला तो डोळे लाल करून, खोकत. पंपरूमच्या पायरीवर बसला.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही काका, पावडरचा वास बसला जरा."

मी वॉचमनला चहा आणायला सांगितलं. पोरानं चहा घेतला, तोंड धुतलं आणि पुन्हा उतरला. आणि मी त्याला उतरू दिलं! संध्याकाळी रजिस्टरमध्ये एक ओळ पडली: खालची टाकी साफ केली, बिल अदा.

त्यानंतर नागपाड्याची बातमी वाचली आणि ती पायरी डोळ्यांसमोर आली.

सुरक्षेच्या भाषेत त्या प्रसंगाला "नियर मिस" म्हणतात, आपण "थोडक्यात वाचला" म्हणतो. नवस फेडावा आणि विसरून जावं, अशी आपली त्याकडे बघायची रीत. खरं तर अपघातातून जे कळतं ते सगळं त्यातूनही कळतं, आणि तेही कोणाच्या घरी तेरावं न घालता. फक्त ते विचारावं लागतं. मी कमिटीच्या बैठकीत विषय काढला. पहिलं उत्तर तयारच होतं: "त्या पोरांना अक्कल नाही, ॲसिड आणि पावडर एकत्र करतात." बरोबर आहे. संडास धुवायच्या ॲसिडची ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली की क्लोरीन सुटतो, आणि तो हवेपेक्षा अडीचपट जड. पण इथेच थांबलो असतो तर निष्कर्ष एवढाच निघाला असता की पोरांना समज द्या. टोयोटाच्या कारखान्यांत एक साधी सवय आहे: पहिल्या उत्तरालाही "का?" विचारायचं, त्याच्या उत्तरालाही "का?", असं पाचेक वेळा. आम्ही ते करून पाहिलं.

ॲसिडनंतर भिंत नीट धुतली का नाही? वेळ नव्हता. वेळ का नव्हता? सोसायटीच्या ग्रुपवर आम्हीच मेसेज टाकला होता की पाणी नऊ ते बारा बंद राहील, आणि बाराला पाच मिनिटं असताना फोन सुरू झाले होते. ब्लोअर, म्हणजे आत हवा फुंकणारा पंखा, का लावला नव्हता? ठेकेदाराचा ब्लोअर खाली टेंपोत पडून होता, पण त्याची वायर पंपरूमच्या सॉकेटपर्यंत पोचत नव्हती आणि एक्स्टेन्शन बोर्ड कोणी दिला नव्हता. हवा का खेळत नव्हती? झाकण एकच उघडं होतं. दुसरं कुठे आहे? यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नकाशा काढला तर दुसरं झाकण सापडलं एका सभासदाच्या गाडीखाली. कित्येक वर्षं तिथे त्यांचं पार्किंग होतं.

आणि शेवटचा प्रश्न: मुळात आत उतरायचंच का? यावर ठेकेदार जे म्हणाला ते ऐकून मला माझीच लाज वाटली. "साहेब, जेट मारून वरूनच बरंच होतं. गाळ पंपानं ओढता येतो. पण तुम्ही सगळ्यात कमी रेट घेतला."

## "आत जाताना काळजी घ्या" याला काही अर्थ आहे का?

थोडा आहे, पण तो सगळ्यात शेवटचा उपाय आहे. घरात बाळ रांगायला लागलं की आपण काय करतो? "समईला हात लावू नकोस" असं त्याला दिवसभर बजावत बसत नाही, समई उचलून उंच ठेवतो. कामाच्या ठिकाणीही क्रम तोच. आधी धोक्याचं काम टाळता येतं का बघायचं. नाही तर पद्धत किंवा सामान बदलायचं, मग यंत्र, पंखा, जाळी अशी सोय. नियम आणि पाट्या त्यानंतर. हातमोजे, मास्क, हेल्मेट अगदी शेवटी. आपल्याकडे मोठा अपघात झाला की नेमकं उलट्या टोकापासून सुरू होतं: आधी हेल्मेट वाटप, त्याचे फोटो, मग पाटी, आणि काम जसंच्या तसं.

याला एक चांगला अपवाद माहीत असावा. नोव्हेंबर २०१५ मध्ये केरळात कोझिकोडला मॅनहोलमध्ये दोन कामगार कोसळले. तिथून जाणारा एक रिक्षावाला त्यांना काढायला उतरला. तिघंही गेले. त्या घटनेनं अस्वस्थ झालेल्या केरळच्या काही तरुण इंजिनिअरांनी मॅनहोलमध्ये माणसाऐवजी उतरणारं यंत्र बनवलं, नाव 'बँडिकूट', म्हणजे आपली घूस. २०१८ मध्ये ते तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागलं. समई उंच ठेवणं म्हणतात ते हे.

## "पंचवीस वर्षं करतोय, कधी काही झालं नाही"

हे वाक्य ठेकेदार म्हणतो, शेतकरी म्हणतो, कारखान्यातला जुना फिटरही म्हणतो. आणि तो खोटं बोलत नसतो.

पण काही झालं नाही म्हणजे पद्धत बरोबर होती असं नव्हे. उलट्या बाजूनं येत शॉर्टकट मारणारा दुचाकीवालाही रोज घरी पोचतो. टाकीचं तर आणखी फसवं. गाळ कमी, झाकण आदल्या दिवशी उघडलेलं, हिवाळा, असं जुळून आलं की निभावतं. उन्हाळ्यात सडण्याचा वेग वाढतो, टाकी जास्त महिने बंद राहिलेली असते, आणि पंचवीस वर्षांचा अनुभव त्या एका दिवशी उपयोगी पडत नाही. शिवाय ज्यांचं काही झालं ते "मी पंचवीस वर्षं करतोय" हे सांगायला येत नाहीत.

म्हणून "थोडक्यात वाचलो" हे सांगायची सोय हवी, आणि सांगणाऱ्याच्या अंगाशी येता कामा नये. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक स्वतःच्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग 'नासा'ला कळवतात. परवाना ज्यांच्या हातात असतो त्यांना मुद्दामच नाही. आपल्याकडे पोरानं "चक्कर आली" म्हटलं तर मुकादम त्याची हजेरी कापतो. मग सांगणार कोण? तो म्हणणार, काही नाही काका.

## "दारू पिऊन उतरला होता" आणि "फॉर्म भरलेला होता"

अपघातानंतर ही दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं कधी कधी खरंही असतं. सडक्या मैल्यात शुद्धीवर राहून उतरणं किती जणांना जमेल, हा प्रश्न मात्र कोणी स्वतःला विचारत नाही. आणि प्यायलेला असो वा नसो, ऑक्सिजन नसलेल्या टाकीत दोघांना सारखेच सेकंद मिळतात.

दुसऱ्या वाक्याची गोष्ट मोठी आहे. धोक्याच्या कामाआधी लेखी परवानगी घ्यायची पद्धत असते, तिला कारखान्यात सगळे "परमिट" म्हणतात. चांगली गोष्ट आहे. पण ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या 'पायपर अल्फा' या तेल-वायूच्या फलाटावर १६७ माणसं मेली, आणि तिथे परमिटची पद्धत होती. एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती. तो पंप चालू करायचा नाही, हे कागदावर होतं. रात्रपाळीला तो निरोप पोचला नाही. चालता पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला आणि वायू फुटला. कागद खरा होता, पण ज्याच्या हाती असायला हवा होता त्याच्यापर्यंत गेलाच नव्हता. ऑफिसात बसून सही केलेलं परमिट म्हणजे पत्रिका जुळवून केलेलं लग्न. टिकेलच असं नाही. टाकीच्या तोंडाशी उभं राहून, उतरणाऱ्यासमोर, एकेक ओळ मोठ्यानं वाचली तरच त्याचा उपयोग.

## हे सगळं सोसायटीला, शेतकऱ्याला परवडतं का?

आधी कायद्याचं बघू. २०१३ च्या हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यात, सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. तो फक्त महापालिकेला नाही, कोणालाही लागू आहे, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीलाही. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पिण्याच्या पाण्याची टाकी किंवा शेतातली विहीर या कायद्यात बसत नाही. वायूला हा फरक कळत नाही.

खर्चाचं म्हणाल तर मीटर, तिपाई, हार्नेस हे सोसायटीनं विकत घ्यायची गरजच नाही. ज्या ठेकेदाराकडे ते आहे त्यालाच काम द्यायचं आणि ते टाकीशेजारी मांडून दाखव म्हणायचं. आम्ही असंच केलं, रेट वाढला. सभेत एक गृहस्थ त्यावर बरंच बोलले, पण ठराव झाला. आता टाकीच्या दिवशी पाणी दिवसभर बंद असतं, दोन दिवस आधी सांगून. ॲसिड बंद. दोन्ही झाकणं उघडी, दुसऱ्या झाकणावरची गाडी आदल्या रात्रीच हलवलेली. ब्लोअरचा पाइप थेट तळापर्यंत सोडलेला, कारण तोंडाशी फुंकलेली हवा तोंडाशीच फिरते. जेट आणि पंप वरून. माणूस उतरतो तो शेवटी, कोपऱ्यांपुरता, मीटर अंगावर लावून आणि हार्नेस घालून.

शेतकऱ्याचं खरंच अवघड आहे. त्याच्याकडे ठेकेदार नाही, तिपाई नाही. पण स्लरीच्या खड्ड्यात किंवा पडीक विहिरीत उतरायचंच नाही, हे त्याला आजपासून ठरवता येईल. वर जाळी टाकता येईल, म्हणजे मांजर, शेळी, पोर आत पडणार नाही. आणि कोणी पडलंच तर आधी १०१ किंवा ११२, मग वरून दोर, गळ, जे हाताशी असेल ते. फवारणीचा किंवा धान्य उफणायचा विजेवरचा पंखा असेल तर तो आणून पाइपानं हवा खाली सोडता येते, मात्र गोबरगॅसच्या खड्ड्याशी ठिणगी नको, तो लांबच ठेवून चालवायचा. बाकीच्या चौघांनी उतरू पाहणाऱ्याला धरून ठेवायचं. त्यासाठी ताकद लागते, ती गावात असते.

आमच्या पंपरूममध्ये आता एक जाड नायलॉनचा दोर खुंटीला टांगलेला असतो, ठेकेदाराचा दोर तुटलाच तर असावा म्हणून. पहिला दोर दोन महिन्यांत गायब झाला. शोधल्यावर सापडला तो गणपतीच्या मंडपात, पडदा ताणून धरत होता. दुसरा आणला. त्यावर वॉचमननं स्वतःहून खडूनं पाटी लिहिली आहे: "टाकीचा दोर. मंडपाला नेऊ नये. कपडे वाळत घालू नये."